वाचनात मागे पडलेलं मूल आणि पाड्यावरची आजी: ही जोडी कशी जमवाल?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवरून शिक्षक, पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. मूल चौथी-पाचवीत गेलं, पण सलग दोन ओळी वाचता येत नाहीत. वर्गात तोंड उघडत नाही. शेजारच्या घरात मात्र एक आजी दिवसभर एकटी असते आणि तिच्यापाशी हेच मूल तास न् तास गप्पा मारतं. या मैत्रीचा मुलाच्या शिक्षणाला उपयोग होईल का? आजीला स्वतःलाच अक्षरओळख नाही, मग ती काय शिकवणार? आणि परक्या घरात मूल पाठवायचं, तर काळजी काय घ्यायची?

उपयोग नक्की होतो. मात्र एक गोष्ट सांभाळायला हवी. या जोडीत मूल फक्त घेणारं राहता कामा नये. वर्गात ज्याला रोज ‘तुला येत नाही’ हेच ऐकावं लागतं, त्याच्याकडून कुणीतरी काहीतरी शिकायला हवं. आजीला मुलाची गरज असेल आणि मुलाला आजीची, तरच ही मैत्री टिकते. हे कसं साधायचं, ते पुढे क्रमाने पाहू.

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी, महिलादिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने मदतीचा हात दिला. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. शिकवायला गावातलीच एक शिकलेली सून उभी राहिली. वर्ग दुपारचा ठेवला, म्हणजे सकाळची कामं आटोपून येता यावं.

तिथे शिकणाऱ्या आज्या होत्या आणि घरी अभ्यास करून घेणारी त्यांची स्वतःची नातवंडं. आपण इथे बोलतो आहोत ती जोडी नात्याबाहेरची आहे, त्यामुळे काळजी जास्त घ्यावी लागते. पण फांगण्याच्या अनुभवातून तीन गोष्टी जशाच्या तशा उचलता येतील: वेळ म्हाताऱ्या माणसाच्या सोयीची ठेवा, जागा घराजवळची ठेवा आणि शिकणाऱ्या आजीचं कुणी हसं करणार नाही, याची जबाबदारी गावाने घ्या.

कोणतं मूल, कोणती आजी?

मूल निवडताना पाहा:

- तिसरी ते सहावीतलं, अक्षरं ओळखणारं पण शब्द जोडताना अडखळणारं मूल या जोडीसाठी सगळ्यात योग्य.
- आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर जाऊन आलेलं आणि त्यामुळे शाळेचे महिने बुडालेलं मूल.
- घरी कातकरी, वारली किंवा ठाकरी बोली बोलणारं, पुस्तकातल्या मराठीपुढे गप्प होणारं मूल.
- मुलाला स्वतःहून जावंसं वाटलं पाहिजे. शिक्षा म्हणून किंवा ‘ढ मुलांचा वर्ग’ म्हणून कुणालाही पाठवू नका.

आजी किंवा आजोबा निवडताना पाहा:

- लिहिता-वाचता येण्याची अट नको. वेळ आणि ऐकून घेण्याचा स्वभाव हवा.
- घर त्याच पाड्यात, हाकेच्या अंतरावर असावं.
- घरात दारू पिऊन गोंधळ घालणारं कुणी नसावं.
- दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.
- मुलाला अंगणातच थांबवणारं किंवा त्याचा पाण्याचा पेला वेगळा ठेवणारं घर कितीही प्रतिष्ठित असलं, तरी या कामासाठी नको. तिथे मूल जे शिकेल, ते आयुष्यभर सलत राहील.

सुरुवातीची पाच पावलं

1. आधी डोळे-कान तपासा. मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल, तर आधी नजर तपासायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्या वेळी अशा मुलाचं नाव आवर्जून पुढे करा. आजीचेही डोळे दाखवा. मोतीबिंदू असेल, तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. दिसतच नसेल, तर अक्षर गिरवायला लावून काय उपयोग?
2. चौघांची संमती घ्या. मुलाची, त्याच्या पालकांची, आजीची आणि आजीच्या घरच्यांची. संमती तोंडी चालेल, पण वर्गशिक्षकांच्या वहीत तारखेसह नोंद करा.
3. शाळेला कळवा. मुख्याध्यापकांना सांगा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे गावाचा पाठिंबा इथूनच मिळतो.
4. जागा उघडी ठरवा. ओटी, पडवी, अंगणवाडीचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोघं दिसली पाहिजेत.
5. वेळ थोडा, पण ठरलेला. आठवड्यातून दोन वार, पाऊण तास पुरतो. अंधार पडण्याआधी मूल घरी पोचलं पाहिजे.

हंगाम पाहून आखणी करा

आपल्याकडे वर्षाचं वेळापत्रक भाताबरोबर आणि भट्टीबरोबर चालतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तेव्हाच भट्टीवरची कुटुंबं परतलेली असतात. जुलैत आवणीची धांदल असते. घरातली धडधाकट माणसं शेतावर जातात आणि म्हातारी माणसं, लहान मुलं मागे राहतात. दिवाळीच्या आसपास कापणी-झोडणी उरकली, की अनेक कुटुंबं पुन्हा भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर निघतात. म्हणजे हाताशी असतात ते जून ते दिवाळी एवढेच महिने. गणपती झाल्यावर बघू, असं म्हणाल तर निम्मा वेळ गेलेला असेल.

भेटीत करायचं काय?

पहिले पंधरा दिवस: पुस्तक नको, गप्पा हव्यात

मुलाला आजीकडून काहीतरी हाताने करायला शिकू द्या. टोपली विणणं, बी निवडणं, रानभाजी ओळखणं, काहीही. पहिल्याच भेटीत पुस्तक काढलंत, तर मुलाला ती शाळाच वाटेल आणि ते पुन्हा गप्प होईल.

पुढचा महिना: आजी सांगेल, मूल लिहील

अक्षर न येणारी आजी वाचन कसं तपासेल, या शंकेचं उत्तर इथे मिळतं. समजा, पहिल्या पावसानंतरचे दिवस आहेत आणि आजीपुढे शेवळांची जुडी आहे. ती एकेक शेवळ सोलते, आतला पिवळट दाणेदार भाग काढून टाकते आणि मुलाला सांगते, की हा राहिला तर घसा खाजेल, म्हणून भाजीत काकडांचा रसही घालायचा. मूल वहीत तीन ओळी लिहितं:

शेवळं सोल.
पिवळं टाक.
काकडाचा रस घाल.

पुढच्या भेटीला मूल या ओळी बोट ठेवून आजीला वाचून दाखवतं. ओळी तिच्याच आहेत, तिला पाठ आहेत. मुलाने ‘पिवळं टाक’ गाळलं, तर ती तिथल्या तिथे म्हणेल, “अरे, पिवळं टाकायचं राहिलं की!” मूल पुन्हा वहीत पाहील आणि चुकलेली ओळ शोधून काढेल. दोघांपैकी कुणालाही कमीपणा न येता वाचनाची तपासणी झाली.

या वेळी लक्षात ठेवा:

- दर भेटीला तीनच ओळी. जास्तीचा हव्यास नको.
- वहीत लाल शाई नको. शुद्धलेखन शिक्षकांनी आठवड्याने वेगळ्या कागदावर दाखवावं.
- आजी बोलीत बोलली, तर मुलाने बोलीतच लिहावं. पुस्तकी मराठीतली ओळ शिक्षक त्याखाली लिहून देतील. मुलाला दोन्ही येऊ द्या.

त्यानंतर: मूल शिकवेल, आजी शिकेल

आता पाटी आजीच्या हातात द्या. सुरुवात तिच्या स्वतःच्या नावापासून करा. पुढे रोज लागणाऱ्या गोष्टी घ्या: औषधाच्या पट्टीवरची मुदत, एसटीच्या पाटीवरचं ‘डोळखांब’ किंवा ‘टोकावडे’, रेशन दुकानातल्या पावतीवर लिहिलेले किलो. ‘क’ शिकवायला मुलाला आधी स्वतःचा ‘क’ पक्का करावा लागतो. ज्या अक्षरावर ते वर्गात अडतं, तेच आजीला शिकवायला द्या. शिक्षकांनी एवढी आखणी करून दिली, तरी पुष्कळ झालं.

गणित विसरू नका

पायली, शेर, मण यांचा हिशेब अनेक आज्या बोटांवर, डोक्यातल्या डोक्यात करतात. आजीने तोंडी करायचं, मुलाने कागदावर, आणि मग दोन्ही उत्तरं पडताळायची. हातच्याची वजाबाकी फळ्यावर न समजलेल्या मुलाला धान्याच्या मापातून ती पुष्कळदा लवकर कळते.

आजीला परीक्षा द्यायची असेल तर

‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम 15 वर्षांवरील असाक्षरांसाठी आहे. त्याची मुदत 2022 ते 2027 अशी आहे आणि नोंदणी जवळच्या शाळेत होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे प्रत्येकी 50 गुण, अशी 150 गुणांची चाचणी असते. उत्तीर्ण होणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. वयाची वरची मर्यादा नाही. मात्र स्वयंसेवक म्हणून नाव मोठ्या माणसाचं द्या. मुलावर निकालाचं ओझं टाकू नका.

मुलाचे हक्क: शाळेला काय नाकारता येत नाही?

आजीची मदत ही शाळेच्या जबाबदारीला पर्याय नाही. ‘आजीकडे जातं ना, मग झालं’ असं कुणी म्हणालं, तर शिक्षण हक्क कायदा 2009 पुढे ठेवा. 6 ते 14 वयोगटासाठी त्यात असं आहे:

- शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. चौदा वर्षं उलटली, तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते मोफतच राहतं.
- जन्मदाखला नाही, वर्षाच्या मध्येच आलं किंवा आधीच्या शाळेचा दाखला पोचला नाही, या कारणांवरून प्रवेश अडवता येत नाही.
- मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. ‘मठ्ठ’ म्हणून सगळ्यांपुढे उभं करणं यातच येतं.
- राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मागे पडलेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. त्यातही ते उत्तीर्ण झालं नाही, तर त्याच वर्गात राहू शकतं, पण शाळेतून काढता येत नाही.

स्थलांतर होणार असेल तर निघण्याआधी शाळेकडून ‘शिक्षण हमी पत्रक’ मागून घ्या. मूल कुठपर्यंत शिकलं आहे याची नोंद त्यात असते आणि भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवता येतं. मूल गावातच नातेवाइकांकडे राहणार असेल, तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेबद्दल मुख्याध्यापकांना विचारा. कुटुंबं निघून गेल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी समितीचा प्रस्ताव पंचायत समितीच्या शिक्षण विभागात पोचला पाहिजे.

सगळं करूनही अक्षर जुळत नसेल तर मुलाला दोष देऊ नका. अध्ययन अक्षमता ही 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मान्य असलेली अवस्था आहे. मूल हुशार असूनही वाचन-लेखनात अडू शकतं. तपासणीसाठी समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी गाठ घालून द्या, असं शाळेला सांगा. प्रमाणपत्र मिळालं, की परीक्षेत सवलती मिळतात.

आजीचे हक्क: मैत्रीच्या निमित्ताने हेही पाहा

मूल नियमित जायला लागलं, की आजीच्या अडचणी गावाच्या नजरेला पडतात. त्या वेळी या गोष्टी माहीत असाव्यात:

- निवृत्तिवेतन: 65 वर्षं पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. महिना 1,500 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत करायचा.
- मुलं सांभाळत नसतील तर: ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा 2007 नुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्त्याचा आदेश होऊ शकतो. वकील लावण्याची गरज नसते.
- सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून दिली आणि मग वाऱ्यावर सोडलं तर: त्याच कायद्याखाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. दस्तात सांभाळाची अट लिहिलेली असेल, तर बाजू भक्कम होते.
- मदतीचे क्रमांक: ज्येष्ठांसाठी 14567, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100. महिला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो.

सही शिकल्यानंतरची काळजी. आजी सही करायला शिकली, हा आनंदाचा दिवस आहे. पण बँकेच्या नोंदीत अंगठा असेल, तर नुसती सही चालणार नाही. शाखेत जाऊन, ओळखपत्र दाखवून सहीची नवी नोंद करून घ्यावी लागते. आणि त्याच दिवशी तिला एक गोष्ट पक्की सांगा: कोऱ्या कागदावर किंवा वाचून न दाखवलेल्या कागदावर सही करायची नाही, मग समोर कुणीही असो.

या चुका टाळा

- मुलाला गडी बनवणं. पाणी भर, सरपण आण, नातू सांभाळ, असं हळूहळू सुरू होतं. एखादा तांब्या भरून देणं वेगळं, रोजची कामं वेगळी. पाऊण तासातला निम्मा वेळ कामात जाऊ लागला, की थांबवा.
- पैशाचे व्यवहार. मुलाने आजीचं एटीएम कार्ड, पिन किंवा पासबुक हाताळायचं नाही. पुढे शंभर रुपये जरी हरवले, तरी संशय मुलावर जाईल आणि मैत्री तिथेच संपेल.
- फोटो आणि जाहिरात. ‘वाचता न येणारा मुलगा’ अशी ओळख देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवू नका. त्या मुलाला उद्या त्याच वर्गात बसायचं आहे.
- दुसऱ्या मुलाशी तुलना. अमक्या जोडीने दहा धडे वाचले, हे मोजमाप इथे नको. मूल शाळेत जास्त दिवस येतं का, वर्गात एखादं वाक्य बोलतं का, ते पाहा.

सुरक्षिततेत तडजोड नाही

ओळखीचं, वयस्क माणूस आहे, म्हणून नियम सैल करू नका. बंद खोलीत भेट नाही, एकट्याने दूर नेणं नाही, ‘घरी सांगू नकोस’ अशी गुपितं नाहीत. शिक्षकांनी किंवा समितीच्या सदस्याने पंधरवड्यातून एकदा मुलाशी एकांतात बोलावं आणि ‘तिथे आवडतं का, काही नकोसं वाटतं का’ हे सरळ विचारावं. मूल अचानक जायला टाळाटाळ करू लागलं, तर कारण कळेपर्यंत भेटी बंद ठेवा.

लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर ‘गावातच मिटवू’ म्हणणं हा मार्गच नाही. पोक्सो कायदा 2012 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. 1098 हा मुलांसाठीचा आणि 112 हा तातडीच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

ताटातूट होणार, तिची तयारी ठेवा

मूल भट्टीवर जाईल, आश्रमशाळेत दाखल होईल, किंवा आजी आजारी पडेल. या मैत्रीत ताटातूट येणार, हे सुरुवातीपासून धरून चाला.

- जाण्याआधी शेवटची भेट ठरवून करा. न सांगता गेलेलं माणूस मुलाच्या मनाला फार लागतं.
- वही मुलाबरोबर जाऊ द्या. तिची एक प्रत आजीला करून द्या.
- शक्य असेल, तर आठवड्यातून एकदा फोनवर बोलणं घडवून आणा. मुलाने वहीतली एक ओळ वाचून दाखवावी.
- आजी गेली, तर ‘गावाला गेली’ असं खोटं सांगू नका. सरळ, मऊ शब्दांत सांगा. मुलाची इच्छा असेल, तर त्याला दिवसकार्याला नेऊन बसवा. तेही त्या घरातलं जिव्हाळ्याचं माणूस आहे, हे गावाने मानावं.

या आठवड्यात एवढं करा

- शिक्षक असाल, तर वर्गातल्या एकाच मुलाचं नाव ठरवा आणि ते कोणाच्या ओटीवर रमतं, ते त्यालाच विचारा.
- पालक असाल, तर त्या घरी स्वतः जाऊन या. आजीशी आणि तिच्या सुनेशी बोला.
- समितीचे सदस्य असाल, तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि मुलाशी पंधरवड्याला बोलण्याची जबाबदारी एका सदस्याकडे सोपवा.
- स्वतः आजी-आजोबा असाल, तर ‘मला काय येतं’ म्हणून मागे सरू नका. तुमच्या तीन ओळी कुणीतरी लिहून घ्यायला हव्या आहेत.

पहिल्या वर्षी एका शाळेत दोन जोड्या जमल्या, तरी पुरे. त्या नीट सांभाळल्यात, तर पुढच्या जूनमध्ये तिसरी जोडी कुणी शोधायची, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. पाड्यावरच्या आज्याच येऊन विचारतील.